आवळा, हळद आणि डब्यावरील बारीक अक्षरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर उभे राहताना आमच्या मनात संकोच आहे. विषय स्त्रियांच्या आरोग्याचा आणि बोलणारा पुरुष. त्यातही वैद्यकशास्त्राची पदवी नसलेला, कला शाखेचा एक सामान्य पदवीधर, ज्याची सारी उमेद केंद्र शासनाच्या कचेरीत फायली वाचण्यात गेली. तेव्हा या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा आम्हांस यत्किंचितही हक्क नाही. परंतु कार्यकारिणीतील भगिनी म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलेले आम्ही ऐकतो आणि विसरतो. तुमच्या घरी जे घडले ते तुम्ही सांगा. ते लक्षात राहील." या आज्ञेपुढे आमचा इलाज नव्हता.

यमुना आणि हिंडण या दोन नद्यांमधील शेतजमिनीवर १९७६ साली ही नोएडा नगरी वसू लागली. येथे मूळचा असा मराठी माणूस नाही. आपण सारे नोकरीच्या निमित्ताने आलेले. सुटी संपवून परतताना आपल्या सामानात सांगलीची हळद असते, कोकणातील आमसुले असतात, विदर्भातील जवस असतो. गावाकडचे ते निर्मळ, गावाकडचे ते गुणकारी, अशी आपली श्रद्धा असते. आणि दूर राहणाऱ्या माणसाच्या ठायी ती जरा अधिकच दृढ असते. या श्रद्धेचा आम्हांला अभिमान होता. तिच्यापायी आमच्या हातून जी चूक घडली, तीच आज सांगावयाची आहे.

आमची एक पुतणी लग्नानंतर पतीसह याच नगरीत राहावयास आली. आईवडील दूर, म्हणून पालकत्व आम्हां उभयतांकडे. हे सारे तिच्या संमतीनेच सांगत आहोत. तिचे नाव मात्र सांगणार नाही. तिची पाळी अनियमित होती. कधी दोन महिने, कधी चार महिने यावयाची नाही. सोनोग्राफीच्या अहवालात 'पॉलिसिस्टिक ओव्हरी' असे शब्द आले. लग्नाला दोन वर्षे होऊन गेली होती आणि मूल हवे होते. तिने डॉक्टरांकडे नियमित जाण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा आम्हीच म्हणालो, "अगं, एवढ्यात त्या संप्रेरकांच्या गोळ्या कशाला? आपल्याकडे नैसर्गिक उपाय आहेत. त्यांनी अपाय तर होणार नाही!"

मग सकाळी आवळ्याचा रस, दुपारी कसली तरी भुकटी, रात्री हळदीच्या अर्काच्या गोळ्या असा क्रम सुरू झाला. 'नैसर्गिक अँटिऑक्सिडंट', 'अंडाशयाचे पोषण', 'मातृत्वाची वाट सुकर' अशी वचने ज्यावर छापलेली आहेत, असे डबे आम्ही हौसेने आणीत गेलो. या क्रमात दोन वर्षे गेली.

पुढे एका डॉक्टरीणबाईंकडे जाणे झाले. त्यांनी तीन प्रश्न विचारले. गेल्या दोन वर्षांत पाळी किती वेळा आली? रक्तातील साखर कधी तपासली? पतीची तपासणी झाली आहे का? तिन्ही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते. तपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली निघाली. घरी आल्यावर आम्ही कपाटातील डबा काढला आणि प्रथमच उलटून पाहिला. मागे बारीक अक्षरांत लिहिले होते की, हे उत्पादन औषधी उपयोगासाठी नाही. जन्मभर सरकारी कागदावरील तळटीपा वाचणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातील ती एक ओळ वाचली नव्हती.

त्यानंतर आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम या विकाराविषयी. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या हकिकतींवरून त्याचे वर्णन केले. नावात 'सिस्ट' हा शब्द असला तरी अंडाशयात दिसतात ती गळवे नव्हेत. ती अर्धवट वाढून थांबलेल्या स्त्रीबीजांची लहान पुटके असतात. खरा बिघाड संप्रेरकांच्या तोलात असतो. अनेक स्त्रियांत शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. म्हणून ते अधिक इन्शुलिन निर्माण करते. आणि हे वाढलेले इन्शुलिन अंडाशयास पुरुषी संप्रेरके अधिक बनविण्यास उद्युक्त करते. परिणामी स्त्रीबीज वेळेवर पक्व होऊन सुटत नाही, पाळी लांबते, चेहऱ्यावर लव आणि मुरुमे येतात. म्हणजे हा केवळ गर्भाशयाच्या आसपासचा आजार नव्हे. तो मधुमेहाचाही सख्खा नातलग आहे.

तो किती घरांत आहे? आपल्या मुंबईतीलच उदाहरण घेऊ. परळ येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन स्वास्थ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथील संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची पाहणी केली आणि २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सर्व तपासण्या पूर्ण केलेल्या ६०० मुलींपैकी २२.५ टक्के मुलींत, रॉटरडॅम येथे २००३ साली ठरलेल्या निकषांनुसार, हा विकार आढळला. अधिक कडक निकष लावता प्रमाण १०.७ टक्के भरले. विशेष म्हणजे त्यांतील बहुसंख्य मुली लठ्ठ नव्हत्या. 'आमची मुलगी सडपातळ आहे, तिला हे कसे होईल?' या समजुतीला त्यामुळे आधार राहत नाही. पुढे परिषदेने देशाच्या अनेक भागांतील १८ ते ४० वर्षे वयाच्या स्त्रियांची पाहणी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात रॉटरडॅम निकषांनुसार प्रमाण १९.६ टक्के आले. स्थूलमानाने पाचांत एक. आज या सभागृहात ज्या माताभगिनी बसल्या आहेत, त्यांच्या घरांतून हा विषय नाही असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

आता अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते पाहू. सफरचंद चिरून ठेवले की काळे पडते; त्यावर लिंबू पिळले तर काळे पडणे लांबते. हवेतील प्राणवायूशी होणाऱ्या क्रियेला लिंबातील क जीवनसत्त्व आवर घालते. आपल्या शरीरातही अन्नाचे ज्वलन होताना काही अतिशय चंचल कण निर्माण होतात. शास्त्रज्ञ त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ते अतोनात वाढले तर पेशींना इजा करतात. त्यांना शमविणारी द्रव्ये ती अँटिऑक्सिडंट. आवळ्यात, हळदीत, कोकमात, जांभळात, जवसात ती आहेत यात वाद नाही. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात अशा इजेच्या खुणा अधिक आढळतात, असेही अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून ही द्रव्ये उपयोगी पडतील काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला तो रास्तच होता. आमची चूक अशी की, त्यांनी प्रश्न विचारला आणि आम्ही ते उत्तर समजलो.

त्यांच्या शोधाची काही उदाहरणे पाहा. सयाजीराव महाराजांच्या नावाने चालणाऱ्या बडोद्याच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या माद्यांत औषधाने पीसीओएससारखी अवस्था निर्माण करून त्यांना ४५ दिवस कोरफडीचा गर दिला असता त्यांच्या संप्रेरकांचा तोल बराच सावरला. प्रयोग मोलाचा आहे. पण तो उंदरांवरचा आहे. जवसाविषयी २००७ मध्ये एक वृत्तांत आला. रोज ३० ग्रॅम जवस चार महिने घेतल्यावर पुरुषी संप्रेरके घटल्याची ती नोंद अवघ्या एका स्त्रीची होती. हळदीतील कर्क्युमिनच्या काही छोट्या चाचण्या इराणमध्ये झाल्या. काही डझन स्त्रिया, सुमारे बारा आठवडे. उपाशीपोटीची साखर थोडी उतरली. द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य रोज १५०० मिलिग्रॅम याप्रमाणे तीन महिने दिले असता पुरुषी संप्रेरक सुमारे २३ टक्क्यांनी घटले, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणी पूर्ण करणाऱ्या स्त्रिया होत्या ३०. एवढे द्रव्य फळातून मिळवावयाचे तर नाशिकची शेकडो किलो द्राक्षे रोज खावी लागतील!

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. साखर उतरली, संप्रेरक घटले, हे शुभवर्तमान खरे. परंतु या छोट्या चाचण्या मूल झाले की नाही, हे ठरविण्यासाठी रचलेल्याच नव्हत्या. त्या प्रश्नाचा धांडोळा कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये घेतला. वंध्यत्वाने त्रस्त अशा सुमारे ७७०० स्त्रियांवरील ६३ चाचण्या तिने तपासल्या. त्यांत पीसीओएसबरोबरच इतर कारणांनी मूल न होणाऱ्या स्त्रियाही होत्या. अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत मूल होण्याचे प्रमाण काहीसे वाढत असावे, असे दिसले. पण पुरावा कमी प्रतीचा आहे, असा स्पष्ट शेराही समीक्षकांनी मारला. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, प्रकरण विचाराधीन आहे; मंजुरीचा आदेश निघालेला नाही.

"पण अपाय तर नाही ना?" हा आमचाच प्रश्न. त्याचे उत्तर आम्हांला धक्का देणारे निघाले. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजरातील बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट गोळीरूपाने घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. अंडाशयाविषयी तर आणखी नवल आहे. इस्रायलमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले की, उंदरांत स्त्रीबीज सुटण्याच्या क्रियेलाच त्या चंचल कणांची गरज असते. अंडाशयाजवळ अँटिऑक्सिडंट सोडले असता सुटणाऱ्या बीजांची संख्या घटली. ज्यांना आपण निव्वळ शत्रू मानले, ते शरीराचे कामकरीही आहेत.

हळदीचेही तेच. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के असते आणि ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले की, मिऱ्यातील पाइपरिन सोबत दिल्यास माणसात हे शोषण वीस पटींनी वाढते. गोळ्या बनविणाऱ्यांनी ही युक्ती उचलली. अशा तीव्र गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याच्या नोंदी अमेरिका आणि इटली येथे झाल्या आहेत. आमटीत चिमूटभर हळद घालणारी आपली आजी आणि अर्काची गोळी विकणारा कारखानदार यांचे काम एकच आहे, असे समजू नये.

येथे कोणी म्हणेल, मग आपल्या परंपरेला काहीच अर्थ नाही काय? आहे, आणि तिच्यासाठी लढा देणारा मराठी माणूस आपल्याला ठाऊक आहे. १९९५ मध्ये जखम भरून काढण्याच्या हळदीच्या उपयोगावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील लेखी पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय भावनेने नव्हे, कागदाने मिळाला. आणि त्यात सिद्ध काय झाले? हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे, एवढेच. एखादे ज्ञान जुने असणे ही एक बाब, आणि ते अमुक रोगावर गुणकारी असणे ही दुसरी. तिची चौकशी निराळी करावी लागते. ज्या परंपरेसाठी आपण पुरावा दिला, तिच्याकडे पुरावा मागण्यात तिचा अवमान नाही.

कायद्याची गोष्ट निघाली म्हणून आमच्या क्षेत्रातील दोन शब्द. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा केंद्राचा कायदा १९५४ चा आहे. स्त्रियांच्या पाळीतील बिघाड दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. अन्नपूरक पदार्थांसाठी २०१६ चे विनियम आहेत. डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' ही सूचना छापणे त्यांनी बंधनकारक केले. म्हणजे कायद्याने त्या कारखानदाराकडून सत्य वदवून घेतले होते. ते वाचण्याचे काम आमचे होते.

मग उपचार कोणता? तो डॉक्टरांनी ठरवावयाचा. आम्ही दिशा तेवढी सांगतो. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार पहिली पायरी नियमित आहार आणि व्यायामाची आहे; आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम प्रकारचा व्यायाम करावा. अमुकच आहार श्रेष्ठ, असे तीत म्हटलेले नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी आणि आवळा या ताटात सुखाने बसतात. अन्न म्हणून त्यांचे स्थान अबाधित आहे. दुसरे, निदान होताच वय वा वजन न पाहता साखरेची तपासणी करावी, आणि ती एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी. तिसरे, पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबू लागली तर थांबू नये. गर्भाशयाचे अस्तर साचून राहणे हितावह नसते.

स्त्रीबीज सुटत नसल्यामुळे मूल होत नसेल तर लेट्रोझोल हे औषध आज प्रथम पसंतीचे मानले जाते. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले. जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के. आपल्या शासनाने २०११ मध्ये या उपयोगास मनाई केली होती आणि पुराव्याचा फेरविचार करून २०१७ मध्ये ती उठविली. शासनास आपला आदेश फिरविता येतो, तर घरातील वडीलधाऱ्यांना आपले मत फिरविण्यास कमीपणा का वाटावा?

आणि जावयाचे काय? आम्ही दोन वर्षे पुतणीला रस पाजले. जावईबापूंना मात्र साधी तपासणीही सुचविली नाही. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचाही मोठा वाटा असतो, हे सुशिक्षित म्हणविणाऱ्या आम्हांला सुचले नाही. पुरुषांसाठीही अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या विकल्या जातात. १७१ पुरुषांवरील एका अमेरिकी चाचणीत त्या घेणाऱ्यांच्या घरी १५ टक्के, तर नुसत्या लुटुपुटीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या घरी २४ टक्के पाळणे हलले, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे शास्त्रज्ञ म्हणतात. गोळ्यांनी लाभ झाला नाही, एवढे मात्र निश्चित.

समारोपापूर्वी एकच गोष्ट. चूक उमगल्यावर आम्ही पुतणीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, रस कडू होता याचे काही नाही. पण रोज सकाळी तो पेला समोर आला की वाटे, माझ्यातच काहीतरी नासले आहे, आणि सगळे घर ते दुरुस्त व्हायची वाट पाहते आहे." बंधुभगिनींनो, डब्याची किंमत आम्ही मोजली होती, त्या पेल्याची किंमत ती मोजीत होती. पैसा पुन्हा मिळतो. तिशी ओलांडलेल्या स्त्रीची दोन वर्षे कोणताही आवळा परत देत नाही.

आज ती नियमित उपचार घेत आहे. साखर खाली आली आहे, पाळी नियमित होऊ लागली आहे, आणि सायंकाळी पतीपत्नी दोघे मिळून फिरावयास जातात. पुढे काय झाले, घरात पाळणा आला का, असे आपण विचाराल. ते आम्ही सांगणार नाही. कारण हा प्रश्न कोणी कोणाला विचारू नये, हेही आम्ही याच प्रकरणात शिकलो. हळदीकुंकवास येणाऱ्या मुलीला आपण वाण द्यावे, तिळगूळ द्यावा. 'काय गं, काही गोड बातमी?' हा प्रश्न मात्र देऊ नये.

आपण घरापासून दूर आहोत. येथे एकमेकांचे काका-काकू, मावशी-आत्या आपणच आहोत. आपल्या लेकीसुनांपैकी कोणी अशी अडचण सांगितली तर तिच्या हाती डबा देण्याआधी तिला तपासणीस न्यावे, जावयालाही सोबत घ्यावे, आणि ती जे काही रस-भुकटी घेत असेल ते डॉक्टरांना न लपविता सांगावे. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पस्तिशीनंतर सहा महिने गेले, तर वाट पाहत बसू नये. आणि पाळीच अनियमित असेल तर एवढेही थांबू नये. आवळा, हळद, कोकम जरूर आणावे. ते ताटात वाढावे, औषधाच्या कपाटात ठेवू नये. आणि कपाटात डबा आलाच, तर तो उलटून मागची बारीक अक्षरे वाचावीत.